तुमचे प्रश्न: ऑफिसचा फोन आणि कोपऱ्यातला तो डबा

मागच्या अंकात म्हटलं होतं, ऑफिसच्या फोन सिस्टीमबद्दल काय विचारायचं ते विचारा. मला वाटलं चार-दोन पत्रं येतील, पण आलं भरपूर, आणि बहुतेकांची सुरुवात एकच, "आमच्याकडे एक डबा आहे, तो कोण बघतो ते कुणालाच माहीत नाही". त्यातली पाच पत्रं घेतलीत. (डबा म्हणजे ऑफिसातले सगळे फोन आपसात आणि बाहेरच्या लाइनला जोडणारं यंत्र.)

प्रश्न (इचलकरंजी): आमचं सुताच्या व्यापाराचं ऑफिस, १२ एक्स्टेंशन, दोन वर्षांपूर्वी आयपीवाली (नेटवर्कवरून चालणारी) सिस्टीम घेतली. गेल्या महिन्यात बिल ८२ हजार! सगळे कॉल परदेशात, शनिवारी रात्री ११ ते रविवारी पहाटे ५. ऑफिसला कुलूप होतं, आत फक्त वॉचमन. त्याला विचारलं तर तो बिचारा रडायलाच लागला. कसं झालं हे?

उत्तर: आधी वॉचमनची माफी मागा. बिलासोबतची कॉलची यादी बघा, एकाच मिनिटाला तीन-तीन चार-चार कॉल चालू दिसतील, आणि त्याला तोंड एकच आहे. तुमच्या ऑफिसात कुणी आलंच नव्हतं, बाहेरून कुणीतरी तुमचं एक्स्टेंशन बनून बसला होता. होतं असं की सिस्टीम बसवणारा घरूनही फोन वापरता यावा म्हणून राउटरमध्ये ५०६० नंबरचा पोर्ट (इंटरनेटवरून आत यायचं दार) जगासाठी उघडा ठेवून जातो, आणि एक्स्टेंशन १०१ चा पासवर्डही १०१ ठेवतो कारण लक्षात राहायला सोपं. इंटरनेटवर दिवसरात्र असे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम आहेत, ते १०० पासून सुरू करून एकेक नंबर आणि पासवर्ड लावून बघतात, एक लागला की झालं. मग तुमच्या ट्रंकवरून, म्हणजे बाहेर जाणाऱ्या लाइनवरून, परदेशातल्या महागड्या नंबरांना कॉल जातात, त्या नंबरच्या मालकाला मिनिटामागे वाटा मिळतो आणि तो मालक बहुतेक वेळा यांच्यातलाच असतो. शनिवारची रात्र का, तर सोमवार सकाळपर्यंत कुणी बघत नाही म्हणून. दिवाळीच्या सुट्टीत तर यांचा सीझन असतो.

आता काय करायचं. सगळ्यात पहिलं, लाइन देणाऱ्या कंपनीला लेखी पत्र देऊन आयएसडी बंदच करून घ्या, तुम्हाला लागत नसेल तर ती लाइन उघडी ठेवायची कशाला. फक्त डब्यातलं लॉक पुरत नाही, डब्यातच घुसलेला माणूस ते लॉक काढतो. मग प्रत्येक एक्स्टेंशनला वेगळा, लांबलचक पासवर्ड, राउटरमधला तो पोर्ट बंद, आणि घरून फोन लागत असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या खाजगी, कुलूपबंद वाटेने. काही जण पोर्ट नंबर बदलून देतात आणि सांगतात की झालं सुरक्षित, ते म्हणजे दाराची कडी तशीच ठेवून फक्त घराची पाटी बदलायची. अजून दोन बिळं तपासा. एक डिसा, म्हणजे बाहेरून फोन करून पिन टाकला की आतला डायल टोन मिळतो, तो वापरात नसेल तर बंदच. दुसरं व्हॉइसमेल आणि कॉल फॉरवर्ड, त्यांचा पिन १२३४ सारखा सोपा ठेवलेला असतो. पोलिसात तक्रार करा, सायबर हेल्पलाइन १९३० आहे. पण बिल सहसा तुमच्याच माथी येतं, कॉल तुमच्या ट्रंकवरून गेलेत ना.

प्रश्न (चिपळूण): दर पावसाळ्यात वीज कडाडली की आमचं एक्स्टेंशन कार्ड (डब्यातलं, फोनच्या वायरी जोडायचं) जळतं. स्टॅबिलायझर लावलाय तरी!

उत्तर: स्टॅबिलायझर विजेच्या वायरीवर आहे हो, आणि तुमची कडाडणारी वीज येतेय टेलिफोनच्या वायरीवरून. पत्रात लिहिलंय की गोडाऊनला फोन दिलाय, मधे उघडं आवार, तिथून तांब्याची वायर टांगून नेलीय. तीच चोर. दोन बिल्डिंगमध्ये तांबं नेऊच नका, फायबर टाका, त्यातून वीज येत नाही, नाहीतर निदान दोन्ही टोकांना क्रोन मॉड्यूलवर (वायरी खोचायच्या पट्टीवर) सर्ज प्रोटेक्शनच्या, म्हणजे विजेचा झटका जमिनीत सोडणाऱ्या, खुंट्या लावा. पण त्या खुंट्यांना अर्थिंग नसेल तर त्या नुसत्या शोभेच्या. मी एकदा कोकणातल्याच एका ऑफिसात एमडीएफचं (सगळ्या फोनच्या वायरी जिथे येऊन जोडतात त्या पेटीचं) झाकण उघडलं, आत मेलेली पाल, क्रोनचे दात हिरवे पडलेले, आणि अर्थची हिरवी वायर अगदी व्यवस्थित, टाय लावून वगैरे, खिडकीच्या लोखंडी गजाला बांधलेली. गज भिंतीत, भिंत कोरडी, म्हणजे अर्थ शून्य. तुमची वायर कुठपर्यंत जाते ते हाताने चाचपत जाऊन बघा, अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत गेली पाहिजे. फक्त एक्स्टेंशनच्या उघड्या वायरजोड्यांना ओल्या हाताने शिवू नका, एरवी ४८ व्होल्ट डीसी असतो पण रिंग वाजताना तिथे ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो, चांगला चिमटा बसतो.

प्रश्न (नाशिक): कोटेशनमध्ये "जी ७११, पीओई, १० चॅनल सिप ट्रंक" लिहिलंय. आम्ही २४ लोक. विक्रेता म्हणतो १०० एमबीपीएसची वेगळी लाइन घ्याच. घ्यावी का?

उत्तर: जी ७११ म्हणजे आवाज पाठवायची एक पद्धत, त्यात आवाज ६४ केबीपीएसचा, वरचं पॅकिंग धरून एका कॉलला एका दिशेला साधारण ८७. सिप ट्रंक म्हणजे नेटवर्कवरून येणारी बाहेरची लाइन, १० चॅनल म्हणजे एकदम दहा कॉल; ते सगळे चालले तरी १ एमबीपीएसच्या आत. तेव्हा १०० एमबीपीएसची लाइन फोनसाठी नको. भांडण स्पीडचं नाहीच, कुणीतरी मोठी फाइल अपलोड करायला लावली की आवाज तुटतो, त्यासाठी फोनचा वेगळा व्हीलॅन (त्याच नेटवर्कमधला वेगळा कप्पा) आणि राउटरमध्ये आवाजाला पहिला मान, एवढं लिहून घ्या. पीओई म्हणजे लॅनच्या वायरीतूनच फोनला वीज, साध्या पीओईत स्विच (लॅनच्या वायरी जिथे जोडतात ती पेटी) एका पोर्टला १५.४ वॉटपर्यंत देतो, टेबलावरच्या फोनला ते भरपूर. पण स्विचची एकूण ताकद विचारा, २४ पोर्ट आहेत म्हणजे २४ ला पुरेल असं नसतं. आणि एक गोष्ट कोटेशनमध्ये कधीच नसते: जुन्या फोनला वीज एक्स्चेंजकडूनच मिळायची, लाइट गेली तरी तो बॅटरीवर चालायचा. आयपी फोन स्विच मेला की मेला. स्विच आणि राउटर दोन्ही यूपीएसवर घ्या. लिफ्टमधला फोन मात्र सध्या आहे त्या साध्या लाइनवरच राहू दे.

प्रश्न (सोलापूर): नवीन सिस्टीमवर आमचा आवाज समोर जातो, त्यांचा आम्हाला येत नाही.

उत्तर: राउटरमध्ये सिप एएलजी नावाचा पर्याय असतो, तो बंद करून बघा. कॉल राउटरमधून नीट जावेत म्हणून मदत करायला ठेवलाय, करतो उलटंच. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

प्रश्न (ठाणे): एएमसीवाला (वर्षाच्या देखभालीचा कंत्राटदार) प्रोग्रॅमिंगचा पासवर्ड देत नाही, म्हणतो तुम्ही बिघडवाल. आणि दर वेळी येऊन फक्त फोन पुसून जातो.

उत्तर: डबा तुमचा, पासवर्डही तुमचा. नूतनीकरणाच्या वेळी चेक देण्याआधी तीन गोष्टी मागा: पासवर्ड, सेटिंगच्या बॅकअपची फाइल, आणि कुठलं एक्स्टेंशन कुठल्या जोडीवर आहे त्याचा कागद. तो कागद प्लास्टिकमध्ये घालून एमडीएफच्या झाकणाच्या आतून चिकटवा. आणि पुढच्या भेटीत फडकं बाजूला ठेवायला सांगून तुमच्यासमोर विजेचा मेन स्विच बंद करायला लावा. डब्याच्या बॅकअपला १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या असतील, तीन वर्षं झाली असतील तर बहुधा दहा मिनिटांत सगळे फोन मुके होतील, मग त्याच्याशी बोलायला तुमच्याकडे विषय असेल.

(पुढच्या वेळी विचारताना फोनचा नको, डब्यातल्या कार्डाचा फोटो पाठवा. या वेळी १९ जणांनी नुसता रिसीव्हर पाठवलाय.)