सागवानात पहिल्यांदा हात घालताय? मग एवढंच बघा

अरे वा, पहिलंच स्टूल बनवताय आणि तेही सागाचं, मस्तच! घाबरू नका, साग रंध्याला (लाकूड तासून गुळगुळीत करायचं हत्यार) मऊ लागतो.

- वखारीत फळीची कड बघा, पांढरट पट्टा असेल तर नको म्हणा, टिकतो तो आतला तपकिरी गाभा, पांढऱ्याला कीड लागते (मी स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, दोन वर्षांत पायाखाली पिठासारखा भुसा).
- लाकडात तेल असतं म्हणून गोंद नीट धरत नाही, चिकटवायच्या जरा आधी जोड थिनरने पुसा, सगळे इथेच चुकतात.
- पटाशीची (लाकूड कोरायचं हत्यार) धार लवकर जाते कारण सागात वाळूसारखी सिलिका असते, पटाशी खराब नाहीये तुमची.
- भुसा बारीक उडतो, मास्क लावाच.

पॉलिशचं नंतर बघू.