भेटायला जायचे राहून गेले, आता कोणत्या तोंडाने फोन करू?

हा प्रश्न माझ्याकडे येणारी माणसे बहुधा शेवटच्या पाच मिनिटांत, उठता उठता विचारतात. निपाणीच्या एका निवृत्त शिक्षिकेनेही तो तसाच विचारला. ओळख पटू नये म्हणून त्यांच्याविषयीचे काही तपशील मी बदलले आहेत. झोप लागत नाही म्हणून त्या बेळगावला माझ्याकडे आल्या होत्या, आणि तिसऱ्या भेटीत, पिशवी हातात घेतल्यावर, त्यांनी कागलच्या बालमैत्रिणीचा विषय काढला.

२०२१ मध्ये त्या मैत्रिणीचे यजमान कोरोनाने गेले. निपाणी ते कागल अंतर जेमतेम अर्ध्या तासाचे, पण मध्ये राज्याची सीमा; महाराष्ट्रातून कर्नाटकात परतताना कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा निगेटिव्ह अहवाल मागितला जात होता, आणि घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. जाणे झाले नाही. फोनवर काय बोलावे हे सुचेना, म्हणून फोनही राहिला. दिवसकार्य उलटले, मग वर्षश्राद्ध उलटले, आणि नाका केव्हाच मोकळा झाला तरी बाईंचा पाय काही उचलला नाही.

आपल्या भागात दुःखाच्या वेळी दारात जाऊन नुसते बसून येण्याला फार मोल आहे, त्यामुळे ते चुकले की अपराधी वाटणे मला अगदी स्वाभाविक वाटते. मात्र या अपराधीपणाचे रूप हळूहळू बदलते, हे मी पुष्कळ जणांत पाहिले आहे: आधी टोचणी असते ती न गेल्याची, नंतर ती इतके दिवस गप्प राहिल्याची होते, आणि दर महिन्याला गप्प राहण्याचे कारण आणखी मोठे सांगावे लागेल असे वाटून माणूस तो महिनाही जाऊ देतो.

बाईंना वाटे की असे आपल्या एकट्याचेच झाले आहे. म्हणून मी त्यांना लारा अकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञांच्या २०२४ मधील अभ्यासाविषयी सांगितले. त्यात भाग घेतलेल्यांना जुन्या मित्राशी बोलायची इच्छा होती, संपर्काचा पत्ता हाताशी होता, संदेश लिहायला वेळही दिलेला होता, तरी एकतृतीयांशाहून कमी लोकांनी तो पाठवला. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला ती अधिक कामाची वाटते: ज्यांनी आधी तीन मिनिटे सध्याच्या जवळच्या माणसांना संदेश लिहिले, त्यांच्यापैकी ५३ टक्क्यांनी पुढे जुन्या मित्रालाही लिहिले, ज्यांनी तो वेळ समाजमाध्यमे चाळण्यात घालवला, त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्के होते.

आम्ही तसेच केले. बाईंनी माझ्यासमोर बसून आधी नणंदेला, मग एका जुन्या विद्यार्थिनीला दोन-दोन ओळी लिहिल्या. मैत्रिणीसाठी त्यांनी वहीची तीन पाने आधीच लिहून आणली होती, त्यांत नाका, अहवाल, सासूबाई असे सगळे खुलासे होते. ते खरे होते, पण ती पाने वाचणाऱ्या मैत्रिणीला स्वतःचे दुःख बाजूला ठेवून आधी बाईंनाच धीर द्यावा लागला असता. मी ती पाने त्यांच्याकडेच ठेवायला सांगितली. शेवटी गेले ते एवढेच: "भाऊजी गेले तेव्हा मी आले नाही, फोनही केला नाही. माझे चुकले. तुझी रोज आठवण येते. उत्तर सवडीने दे, नाही दिलेस तरी मी समजून घेईन."

शेवटचे वाक्य मी मुद्दाम आग्रहाने घालायला लावले, कारण उत्तर न देण्याचा हक्क समोरच्याला असतोच. ज्याने स्वतःहून "संपर्क ठेवू नकोस" असे स्पष्ट सांगितले आहे, त्याला असा संदेश पाठवण्याचा सल्ला मी कधीच देत नाही.

तीन दिवस काहीच आले नाही. चौथ्या दिवशी मैत्रिणीचा आवाजी संदेश आला: "नाक्यापर्यंत तरी आली असतीस गं, मी पलीकडे येऊन उभी राहिले असते." बाई घाबरून मला फोन करून म्हणाल्या, ती रागावली आहे. राग होताच, पण तिने आपली वाट पाहिली होती हेही त्यात होते, आणि ते ऐकल्यावर बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी त्यांना एवढेच सांगितले की याला खुलासा पाठवू नका, जाऊन भेटा.

त्या रविवारी त्या कागलच्या बसमध्ये बसल्या. कोगनोळी मागे पडल्यावर त्यांनी मैत्रिणीला फोन लावला आणि नाका ओलांडल्याचे कळवले.