बायको जास्त कमावत असेल तर कुफू मोडतो का?

तुमचा पगार होणाऱ्या नवऱ्यापेक्षा जास्त आहे, म्हणून घरचे म्हणतात कुफू, म्हणजे दोघांची बरोबरी, जुळत नाही, निकाह नको. चूक आहे ते. हनफी पंथाच्या फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी कायद्यात, मालाचा कुफू बघतात तो मुलाकडून, आणि त्यातही दोघांची मिळकत सारखी लागत नाही. ठरलेली रोख मेहर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) देण्याची आणि बायकोचा नफका, म्हणजे पोटापाण्याचा खर्च, चालवण्याची ऐपत असली की झालं. आम्ही कोकणातले शाफई, म्हणजे दुसऱ्या पंथाचे. आमच्या पंथाचे मोठे आलिम इमाम नववी यांनी तर स्पष्ट लिहिलंय की श्रीमंती कुफूत धरायची नाही.

माझ्या वेळी हाच शब्द चाचांनी काढला. मी शाळेत कायम नोकरीला, माझा होणारा नवरा चिपळुणात भाड्याच्या गाळ्यात फ्रिज दुरुस्त करायचा. चाचांनी आणलेलं स्थळ कुवेतचं, गावात दुमजली घर. भर बैठकीत चाचांनी रसूलुल्लाहﷺ यांच्या काळातल्या फातिमा बिन्त कैस यांची हदीस ऐकवली: मुआवियाचं मागणं आलं तेव्हा रसूलुल्लाहﷺ म्हणाले, त्याच्याकडे माल नाही. खरी आहे हदीस. पण चाचा तिथेच थांबले! त्याच हदीसमध्ये पुढे फातिमांना उसामाशी निकाह करायला सांगितलंय. फातिमा मानाच्या कुरैश घराण्यातल्या, आणि उसामाचे वालिद जैद हे आझाद केलेले गुलाम. हे मी त्या दिवशी बोलले नाही, त्याची सल अजून आहे.

बाबांनी मुलाला एकच विचारलं, "महिन्याचं घर चालेल का?" त्याने खिशातून पोस्टाचं पासबुक काढलं, कडा तेलाने काळ्या झालेल्या. बाबांनी शेवटचं पान वाचलं आणि होकार दिला. वली, म्हणजे निकाहात मुलीचा पालक, बाबा होते, चाचा नव्हेत. कुफूची हरकत घ्यायचा हक्क मुलीचा आणि तिच्या वलीचा. दोघं राजी असतील तर बाकीच्यांनी गप्प बसावं.

आता तुमचा पगार. तो तुमचाच. घरखर्चाची जबाबदारी त्याची, तुम्ही खुशीने दिलंत तर ती मेहरबानी. हे निकाहाआधी तोंडावर बोलून घ्या, मेहर उधार ठेवू नका. मात्र मुलगा कमवायलाच तयार नसेल तर माझी गोष्ट त्याच्यासाठी वापरू नका. १९३९ च्या कायद्याने दोन वर्षं नफका न देणाऱ्या नवऱ्यापासून कोर्टातून सुटता येतं, पण तिथवर जायचंच कशाला? तुम्ही हनफी असाल तर तुमच्याच मजहबच्या (पंथाच्या) मुफ्तींना विचारा.

आणि चाचांना हल्ली कोणी विचारलं तर सांगतात, हे स्थळ मीच जमवलं. नाही. बाबांनी जमवलं.