वाचकांचे प्रश्न : वाद्यवृंद, कोरस आणि सिंथ यांची मिसळ

प्रश्न (कोल्हापूर) : बारा मिनिटांच्या लघुपटाचं पार्श्वसंगीत घरच्या संगणकावर करतो आहे. स्ट्रिंग्जची (व्हायोलिन-चेलोसारख्या तारवाद्यांची) सॅम्पल्स, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेले स्वर, कोरस आणि सिंथचा पॅड (सिंथेसायझरचे मागे लांब धरलेले मऊ स्वर) वेगवेगळे ऐकले तर झकास वाटतात. तिन्ही एकत्र लावले की नुसता चिखल. ईक्यू (आवाजातले खालचे-वरचे पट्टे कमी-जास्त करणं) करून थकलो.

उत्तर : ईक्यू बाजूला ठेवा आणि तिघांना कोणते स्वर दिलेत ते आधी बघा. बहुधा एकच कॉर्ड, एकाच सप्तकात. चेलो, पुरुषांचे आवाज आणि पॅड साधारण १०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात दाटीवाटीने बसतात. लोकलमध्ये चौथ्या सीटवर कितीही सरकून बसलं तरी बाक लांब होत नाही, तसं हे आहे.

आमच्या मते सिंथला मधली जागा देऊच नये. त्याची ताकद दोन टोकांना आहे : वाद्यवृंद पोचत नाही त्या खर्जात, आणि वर ५००० हर्ट्झच्या पुढे, जिथे व्हायोलिनची फक्त चमक उरते. चार तारांच्या डबल बेसचा सगळ्यात खालचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झ. डबल बेस आणि सिंथचा सब (सगळ्यात खोल खर्ज) एकाच सप्तकात एकच स्वर धरतात तेव्हा दोघांच्या लहरी कधी जुळतात, कधी एकमेकींना खातात. मग एक स्वर छातीवर बसतो आणि पुढचा गायब होतो. म्हणून तळ एकाकडेच ठेवा. सिंथकडे दिलात तर डबल बेसला ६०-७० हर्ट्झखाली हलका कट द्या, पण ७०० ते २००० मधली गजाची खरखर राहू द्या. ऐकणाऱ्याला वाटतं, डबल बेसच इतका खोल वाजतो आहे.

पॅड हवाच असेल तर त्याचं ३०० हर्ट्झखालचं सगळं काढा आणि कॉर्डमधले षड्ज-पंचमच ठेवा. गंधार का वगळायचा, ते पुढच्या उत्तरात.

चिखलाचं दुसरं कारण म्हणजे घुमार. स्ट्रिंग्ज एका हॉलमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या, कोरस दुसऱ्याच चर्चमध्ये, आणि सिंथ ठार कोरडा, कानाला चिकटलेला. स्ट्रिंग्जचा हॉल मुख्य माना. कोरसच्या सॅम्पल लायब्ररीतले दूरचे माइक कमी करून जवळचे वाढवा आणि तो त्याच हॉलच्या रिव्हर्बमध्ये (कृत्रिम घुमारात) पाठवा. सिंथही तिथेच. प्री-डिले (घुमार सुरू होण्याआधीचा उशीर) २० ते ३० मिलिसेकंद, रिव्हर्बच्या परतीच्या ट्रॅकला २०० हर्ट्झखाली कट. सबला रिव्हर्ब अजिबात नको. याहून चांगला उपाय थोडा खटपटीचा आहे : सिंथ एका स्पीकरमधून मोठ्या खोलीत वाजवा आणि तीन-चार मीटरवर दोन माइक लावून पुन्हा रेकॉर्ड करा. खोलीची हवा मिसळली की त्याचा प्लॅस्टिकपणा बराच उतरतो.

प्रश्न (पुणे) : युरोपातल्या एका वाद्यवृंदाकडून ऑनलाइन रेकॉर्डिंग करून घेतलं. वादन सुरेल आहे, तरी आमच्या सिंथबरोबर ठेवलं की कानाला कसंनुसं होतं.

उत्तर : यात दोन गोष्टी असू शकतात. तुमचा सिंथ ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्झला धरतो. युरोपातले बरेच वाद्यवृंद ४४२ किंवा ४४३ ला लावतात. ४४२ म्हणजे सुमारे ८ सेंट (सेमीटोनचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढं, त्या एका स्वरावर आवाजाचे सेकंदाला दोन हेलकावे. सिंथचं मास्टर ट्यूनिंग ८ सेंट वर न्या. वाद्यवृंदाला पिच-शिफ्टने खाली ओढू नका, गजाची सुरुवात आणि हॉलचा घुमार दोन्ही मळकट होतात. पुढच्या वेळी ४४० हवं असल्यास बुकिंग करतानाच लेखी कळवा. ग्लॉकनस्पीलसारख्या वाद्यांच्या पट्ट्या घडवतानाच लावलेल्या असतात, ऐनवेळी उतरवता येत नाहीत.

दुसरी गोष्ट गंधाराची. नीट लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार उमटतो, त्याचं षड्जाशी नातं ५:४ चं. पडदे नसलेली वाद्यं आणि माणसांचे गळे लांब कॉर्ड धरताना नकळत त्याच गंधाराकडे झुकतात. सिंथचा गंधार त्याहून सुमारे १४ सेंट चढा असतो. मधल्या सी पासूनच्या मेजर कॉर्डमध्ये हा फरक सेकंदाला अडीचएक हेलकाव्यांचा होतो. मायनर कॉर्डमध्ये उलट : सिंथचा कोमल गंधार सुमारे १६ सेंट उतरलेला. पंचमात मात्र फरक जेमतेम २ सेंटचा. म्हणून लांब धरलेल्या कॉर्डमध्ये गंधार गळ्यांना किंवा व्हायोलांना द्यावा, सिंथला षड्ज-पंचमावर ठेवावं. भरभर बदलणाऱ्या कॉर्डमध्ये एवढं कुणाला कळत नाही.

प्रश्न (नागपूर) : सिंथचा पल्स (ठेका धरणारे तुटक स्वर) आणि स्ट्रिंग्ज दोन्ही क्लिकवर (लय दाखवणाऱ्या टकटकीवर) आहेत, तरी स्ट्रिंग्ज मागे रेंगाळतात.

उत्तर : सिंथचा स्वर ५ मिलिसेकंदांत उभा राहतो; लेगाटो (स्वर जोडून वाजवलेलं) सॅम्पल भरायला १०० ते २५० लागतात. प्रत्येक वादनप्रकार वेगळ्या ट्रॅकवर घ्या आणि ट्रॅकचा डिले उणे करा, म्हणजे तो तितका आधी सुरू होईल : स्टॅकाटोला (तुटक वादनाला) उणे ३० ते ६०, लेगाटोला उणे १५० पासून सुरुवात करून कानाने ठरवा. कोरसमध्ये ठेक्यावर स्वर पडायला हवा, व्यंजन त्याच्या किंचित आधी. प्रत्यक्ष वादक असतील तर हेडफोनमध्ये नुसती क्लिक न देता सिंथचा पल्सही द्या. वादक त्याला धरून वाजवतात. हेडफोन बंद कपांचे हवेत. शेवटच्या लांब स्वरावर क्लिक बंद करा, नाहीतर विरत जाणाऱ्या घुमारात टकटक ऐकू येते आणि ती काढता येत नाही.

प्रश्न (मेलबर्न) : इथल्या मराठी मंडळींचा सोळा जणांचा कोरस आहे. चित्रपटात भव्य वाटेल असा कसा करावा? शब्द संस्कृत आहेत.

उत्तर : चार वेळा गाऊन घ्या, पण प्रत्येक वेळी गायकांच्या जागा बदला आणि माइक थोडा मागे-पुढे करा. एकच टेक कॉपी करून जाडी येत नाही, आवाज फक्त मोठा होतो. एका टेकमध्ये व्हिब्रॅटो (स्वराची थरथर) पूर्ण टाळा. त्याखाली सॅम्पल कोरसचा नुसता ‘आ’ हलका ठेवा : भरीवपणा लायब्ररीचा, शब्द तुमचे. लांब ओळीत श्वास कोणी कुठे घ्यायचा ते वाटून द्या. शेजारी-शेजारी उभ्या दोघांनी एकदम घेऊ नये.

संस्कृतातलं ‘ध’, ‘भ’, ‘घ’ तुम्हाला येतंच. परदेशी कोरसकडून गाऊन घेताना मात्र रोमन लिपीतल्या शब्दांवर विसंबू नका. सावकाश उच्चारलेलं रेकॉर्डिंग आधी पाठवा, नाहीतर ‘भय’चं ‘बय’ होतं.

आणि संवादाखाली शब्द गाऊ नका. व्यंजनं ऐकू आली की कान अर्थ शोधायला धावतो आणि नटाचं वाक्य हुकतं. तिथे ‘आ’, ‘ऊ’ किंवा ओठ मिटून म-कार. शिवाय कमावलेल्या गळ्याची धार ३००० हर्ट्झच्या आसपास असते आणि संवादाची स्पष्टताही तिथेच, म्हणून तिथे दोन-तीन डेसिबल कमी करा. संवाद मधल्या स्पीकरमधून येतो. कोरस बाजूंना आणि मागे पसरवा.

प्रश्न (नाशिक) : स्टुडिओत दिलेलं संगीत चित्राबरोबर लावल्यावर वेगात आणि चढ्या पट्टीत वाजलं.

उत्तर : फाइल ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची (सेकंदाला ४४,१०० नमुने) होती आणि ती रूपांतर न करता ४८ च्या प्रोजेक्टमध्ये वाजली. साठ सेकंदांचा तुकडा ५५ सेकंदांत संपतो, पट्टी जवळजवळ दीड सेमीटोन चढते. चित्रपटाचं काम पहिल्या दिवसापासून ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर करा.

प्रश्न (रत्नागिरी) : सिंथ स्वस्त झाल्यावरच ही मिसळ सुरू झाली का?

उत्तर : नाही. मिक्लोश रोझा यांनी १९४५ च्या ‘स्पेलबाउंड’मध्ये वाद्यवृंदाबरोबर थेरेमिन हे इलेक्ट्रॉनिक वाद्य वापरलं होतं. आपल्याकडे १९५४ च्या ‘नागिन’मधली बीन कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर वाजवली. क्लॅव्हियोलिन एका वेळी एकच स्वर देतं. तिघांना एकच भरगच्च कॉर्ड देणाऱ्या कोल्हापूरच्या वाचकांनी याचा विचार करावा.

प्रश्न (मुंबई) : अंतिम मिक्ससाठी संगीत कसं द्यावं? एकच स्टिरिओ फाइल पुरेल का?

उत्तर : पुरणार नाही. संवादाखाली पल्स कमी करायचा झाला तर सगळंच कमी करावं लागेल. स्टेम, म्हणजे गटागटाच्या वेगळ्या फाइली, द्या : स्ट्रिंग्ज, ब्रास आणि वुडविंड, तालवाद्यं, कोरस, सिंथचा पल्स, पॅड, सब, आणि सोलो वाद्य असल्यास तेही. सगळ्यांची सुरुवात एकाच ठिकाणी, लांबी सारखी, प्रत्येकाचा रिव्हर्ब त्याच्याच स्टेममध्ये. मास्टरवर (सगळं एकत्र येतं त्या शेवटच्या ट्रॅकवर) कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारी सोय) असेल तर तो काढून स्टेम करा. तो राहिला तर स्टेमची बेरीज मूळ मिक्सइतकी येत नाही. त्याच अवस्थेतला पूर्ण मिक्सही काढा, त्याची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून स्टेमच्या बेरजेवर ठेवा. शांतता आली तर हिशेब जुळला.

सब फक्त एलएफईमध्ये (चित्रपटाच्या आवाजातल्या खर्जाच्या वेगळ्या वाहिनीत) टाकू नका. स्टिरिओ आवृत्ती होताना ती वाहिनी बहुतेक वेळा गाळली जाते आणि टीव्हीवर तुमचा खर्ज उरतच नाही. मुख्य स्पीकरमध्ये तो ठेवाच, आणि त्याच्या वरच्या सप्तकातला, ८० ते १६० हर्ट्झमधला, हलका जोडस्वरही द्या.