‘मेटी’ला ‘मिश्रवंशीय’ म्हणावे का? आणि ‘संलग्न’ चालेल का?

कॅनडावरच्या एका लेखाचे भाषांतर करणाऱ्या वाचकाने विचारले आहे: ‘मेटी’ लोकांना (आदिवासी आणि युरोपीय पूर्वजांपासून घडलेल्या तिथल्या समाजाला) ‘मिश्रवंशीय’ म्हणावे का, आणि त्यांची गावे ज्या संघटनेत असतात तिच्याशी ती ‘संलग्न’ आहेत असे लिहावे का? माझे मत दोन्हींच्या विरुद्ध आहे.

व्युत्पत्ती पाहिली तर ‘मिश्र’ बरोबर. मूळ फ्रेंच शब्दाचा (Métis) अर्थ तोच. फ्रेंचमध्ये शेवटचा ‘स’ उच्चारतात, कॅनडातल्या इंग्रजीत बहुधा ‘मेटी’ म्हणतात, म्हणून देवनागरीत ‘मेटी’च बरे. पण आज ते एका समाजाचे नाव आहे. १९८२च्या कॅनडाच्या राज्यघटनेत आदिवासी समाजांमध्ये इंडियन (भारतीय नव्हेत, तिथले मूळ रहिवासी) आणि उत्तर ध्रुवाकडचे इनुइट यांच्याबरोबर मेटींचा स्वतंत्र उल्लेख आहे. मेटींच्या शिकारीच्या हक्कावरच्या २००३च्या पावली खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आदिवासी आणि युरोपीय असा दुहेरी वंश असलेला प्रत्येक जण मेटी ठरत नाही. माणसाने स्वतःला मेटी मानायला हवे, जुन्या मेटी समुदायाशी पूर्वजांचे नाते हवे आणि आजच्या समुदायाने त्याला आपला म्हणायला हवे. ‘मिश्रवंशीय’मध्ये यातले फक्त रक्त उरते. ‘संकरित’ तर मुळीच नको. आपल्याकडे तो शब्द गाईला आणि ज्वारीला लावतात, आणि ‘वर्णसंकर’ची जुनी हेटाळणीही त्याला चिकटलेली आहे.

आता ‘संलग्न’. हा शब्द ऐकला की मला विद्यापीठ आणि महाविद्यालय आठवते: वरचा मान्यता देतो, खालचा अर्ज करतो. मेटींच्या राजकारणात दिशा बरेचदा उलटी असते. पावली खटल्यात न्यायालयाने शिकारीचा हक्क मानला तो विशिष्ट ठिकाणच्या समुदायाचा. त्याच्या वतीने बोलायचे कोणी, हा पुढचा प्रश्न, आणि त्यावर खरी भांडणे आहेत. अल्बर्टा प्रांतात फोर्ट मॅकाय गावच्या मेटींनी प्रांतिक संघटनेपासून वेगळी वाट धरली. त्याच प्रांतातल्या आठ मेटी वसाहतींची स्वतःची सामाईक परिषद आहे. वरच्या पातळीवरही तेच: १९८३मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मेटी परिषदेतून २०२१मध्ये मॅनिटोबाची संघटना बाहेर पडली, २०२४मध्ये सस्कॅचवान आणि ब्रिटिश कोलंबियाच्याही. ऑंटॅरियोतल्या काही समुदायांना मेटी मानायचे की नाही, हा त्यामागचा मोठा वाद.

‘शाखा’ लिहितानाही मी अडखळतो, कारण शाखेआधी खोड असते, आणि इथे गाव आधीचे आहे. ‘स्थानिक समुदाय’ लिहा. क्री या तिथल्या आदिवासी भाषेत मेटींना ‘ओटिपेमिसिवाक’ म्हणतात, स्वतःवर स्वतःच राज्य करणारे. अल्बर्टाच्या प्रांतिक मेटी संघटनेने, जी आता स्वतःला मेटी सरकार म्हणवते, हेच नाव घेतले आहे. अशा लोकांसाठी क्रियापद कर्तरी हवे. ‘अमुक समुदाय तमुक संघटनेशी संलग्न आहे’ऐवजी मी लिहीन: ‘अमुक गावच्या मेटींनी आपले प्रतिनिधित्व तमुक संघटनेकडे दिले आहे.’ पुढे त्यांनी ते काढून घेतले, तर ‘काढून घेतले’ असेच लिहावे.