उरलेल्या पाच आठवड्यांबद्दल

सहा महिन्यांच्या इंटर्नशिपचे पाच आठवडे राहिलेत, जॉईन होताना सांगितलेलं प्रोजेक्ट सुरूच झालं नाही, रोज एक्सेलमध्ये कुणाचा तरी डेटा साफ करत बसायचं, मेंटरला पंधरा-पंधरा दिवस भेटायला वेळ नाही, आणि आता हे दिवस कसेतरी ढकलायचे की सर्टिफिकेटवर पाणी सोडून आत्ताच निघायचं, असा तुझा प्रश्न आहे. मी स्वतः अशाच एका इंटर्नशिपमधून गेलेय आणि नंतर बरीच वर्षं माझ्या हाताखाली इंटर्न्स होते, त्यामुळे दोन्हीकडून लिहिते, थोडं लांबेल.

आधी हे की तुझं चिडणं बरोबर आहे. शिकायला म्हणून मुलांना बोलवायचं आणि शिकवायला माणूस द्यायचा नाही ही त्यांची चूक आहे, तुझी नाही. 'अगं प्रत्येक अनुभवातून शिकायला मिळतं' असं तुला जो तो सांगत असेल, मी नाही सांगणार, कारण सहा महिने परत मिळत नाहीत आणि गेले त्याचं वाईट वाटणारच. आणि त्रास जर वेगळ्या प्रकारचा असेल, म्हणजे कुणी अपमान करतंय, नको तसं वागतंय, खोट्या नोंदी करायला लावतंय, तर पुढचं काही वाचू नकोस, कॉलेजच्या कोऑर्डिनेटरला लेखी कळव आणि निघ. तू लिहिलंयस त्यावरून तसं नाहीये, नुसतं दुर्लक्ष आहे, असं धरून पुढे लिहिते.

माझ्या मते निघू नकोस. कारण सर्टिफिकेट हे आहेच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे शेवट अजून तुझ्या हातात आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ सालचा एक प्रयोग आहे. लोकांना एकदा १४ अंश सेल्सियसच्या पाण्यात ६० सेकंद हात ठेवायला लावला, आणि एकदा तेच ६० सेकंद, वर आणखी ३० सेकंद, फक्त त्या ३० सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेलं. मग विचारलं, यातलं कुठलं पुन्हा करशील? ३२ पैकी २२ जणांनी लांबलेलं निवडलं. एकूण त्रास जास्त होता तरी, कारण शेवट जरा सुसह्य होता. एका अंशाचा फरक होता फक्त. तुझे पाच महिने बदलणार नाहीत, पण हा एक अंश तू आणू शकतेस, आणि तो तुझ्या आठवणीसाठी जितका आहे तितकाच त्या मेंटरच्याही, ज्याला वर्षभराने कुणीतरी फोन करून विचारेल की ही मुलगी कशी होती.

आता माझं सांगते. माझी चार महिन्यांची होती. तिसऱ्या आठवड्यात प्रोजेक्ट गुंडाळलं आणि मला जुन्या नोंदी नव्या शीटमध्ये आणायला बसवलं. दुपारी चारनंतर मी नुसती घड्याळ बघायचे. शेजारच्या टेबलवर एक ताई बसायच्या, त्या दर सोमवारी वैतागलेल्या असायच्या कारण सिस्टीममधून आलेल्या फाईलचे आकडे त्यांच्या शीटशी जुळायचेच नाहीत आणि अर्धा दिवस त्यांचा हाताने दुरुस्त्या करण्यात जायचा. एका सोमवारी मी विचारलं, मी बघू का?

बघितलं तर तीन गोष्टी होत्या. शून्याने सुरू होणारे कोड होते त्यांची पुढची शून्यं एक्सेल उडवत होतं, ००४७१ चा ४७१. तारखांचा घोळ होता, ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल, पण मशीनच्या सेटिंगमुळे ते चार मार्च होत होतं. आणि एक सोळा आकडी नंबर होता, एक्सेल १५ आकड्यांपर्यंतच अचूक धरतं, त्यामुळे त्याचा शेवटचा आकडा गुपचूप शून्य होत होता. उपाय एकच, फाईल थेट उघडायची नाही, इम्पोर्ट करायची आणि करतानाच ते कॉलम टेक्स्ट म्हणून घ्यायचे.

मी दोन पानांची नोट लिहिली आणि ताईंना म्हटलं, मी काही बोलणार नाही, तुम्ही फक्त वाचून करा. त्यांनी पहिली ओळ वाचली, 'फाईल उघडा', आणि डबल क्लिक केलं. झालं, शून्यं तिथेच गेली. मला माहीत होतं की डबल क्लिक करायचं नाही, पण मी ते लिहिलंच नव्हतं. पहिली ओळ बदलून लिहिली, 'या फाईलवर डबल क्लिक करू नका', खाली कसं इम्पोर्ट करायचं त्याचे फोटो टाकले, पुन्हा त्यांना बसवलं, तिसऱ्या वेळेला त्या न अडखळता शेवटपर्यंत गेल्या. चार महिन्यांत मला पहिल्यांदा तेव्हा वाटलं की मी इथे काहीतरी केलं.

तर तू पण एकच गोष्ट निवड. मोठी नको, पाच आठवड्यांत मोठं प्रोजेक्ट मागायला गेलीस तर पुन्हा तेच होईल, अप्रूव्हल, मीटिंग, आणि तारीख संपेल. तू तिथलाच डेटा पाच महिने हाताळतेयस, कुठे काय दर वेळी बिघडतं हे आज तुझ्याइतकं तिथे कुणाला माहीत नसणार. त्यातली एक चूक कायमची घालव, किंवा तुझं काम पुढचा इंटर्न पहिल्या दिवसापासून करू शकेल अशी नोट लिही. आणि लिहून झाली की दुसऱ्याला शेजारी बसवून करून बघायला लाव, स्वतः गप्प राहून. ही पायरी गाळू नकोस, खरं काम तिथेच होतं.

मेंटरला 'मला मार्गदर्शन मिळत नाहीये' असा मेल करू नकोस, त्याला उत्तर देणं अवघड जातं म्हणून ते पडून राहतं. ज्याला 'हो' म्हणणं सोपं आहे असं लिही. साधारण असं: 'सर, माझे पाच आठवडे उरलेत. रोजच्या कामासोबत मला अमुक फाईलमधली ही चूक दुरुस्त करून त्याची नोट तयार करायची आहे, रोजचा एक तास लागेल. तुमची हरकत नसेल तर सोमवारपासून सुरू करते. आणि शेवटच्या आठवड्यात वीस मिनिटं मिळाली तर दाखवते.' बास. वेळ तूच सुचव, कॅलेंडरमध्ये तूच टाक. मी मेंटर असताना मला जे इंटर्न्स असं लिहायचे त्यांना मी कधी नाही म्हटलं नाही, आणि जे नुसते 'काही काम आहे का' विचारायचे त्यांना खरंच विसरायचे, याचं मला आज वाईट वाटतं.

त्या वीस मिनिटांत काय बोलायचं? आधी जे केलं ते दाखव. मग विचार, 'माझ्या कामात कुठली एक गोष्ट सुधारायला हवी?' एकच विचार म्हणजे नेमकं उत्तर येतं. मग तुझी तक्रार, हो, ती पण सांगच, पण पुढच्या मुलीच्या बाजूने सांग: 'आठवड्याला पंधरा मिनिटं ठरलेली मिळाली असती तर मी अडून राहिले नसते, पुढच्या इंटर्नला ती मिळाली तर बरं होईल.' हे खरं आहे आणि ऐकणाऱ्यालाही ऐकवतं. निरोपाच्या मेलमध्ये मात्र यातलं काही नको, तो मेल सगळ्यांना जातो, तिथे फक्त ज्यांनी मदत केली त्यांची आठवण, आणि नाव घेऊन, नेमकं कशासाठी ते लिहून. कॉलेजच्या रिपोर्टमध्ये मात्र प्रोजेक्ट मिळालं नाही हे स्पष्ट लिही, नाहीतर पुढच्या वर्षी आणखी दोघांना तिथेच पाठवतील.

शिफारसपत्र हवं असेल तर शेवटच्या दिवसाची वाट बघू नकोस, दोन आठवडे आधी माग, आणि सोबत तू केलेल्या कामाचे चार-पाच मुद्दे लिहून दे. ज्याने तुझं काम फारसं बघितलंच नाही त्याला ते आठवून लिहिता येणार नाही. मेंटरपेक्षा शेजारच्या माणसाने तुझं काम जास्त बघितलं असेल तर त्यांच्याकडून माग, मी ताईंकडूनच घेतलं होतं. सर्टिफिकेटवरच्या तारखा आणि नावाचं स्पेलिंग तिथे असतानाच तपास. फाईली, डेटा, कुणाची माहिती घरी आणू नकोस, स्वतःच्या वहीत फक्त लिहून ठेव की काय प्रश्न होता, तू काय केलंस, आधी किती वेळ लागायचा आणि आता किती लागतो. इंटरव्ह्यूमध्ये हेच बोलायचंय. 'तिथे काही शिकवलं नाही' म्हटलंस तर प्रश्न तुझ्यावर फिरतो, 'अर्धा दिवसाचं काम चाळीस मिनिटांवर आलं' म्हटलंस की समोरचा पुढे सरकून विचारतो, कसं?

आणि तिथली दोन-तीन माणसं जपून ठेव. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडलं होतं की ज्यांच्याकडून नोकरीची बातमी मिळाली त्या ओळखीच्यांना बहुतेक लोक अधूनमधून किंवा क्वचितच भेटत होते, जवळचे मित्र त्यात कमी होते. माझी पहिली नोकरी ताईंच्या एका मेसेजमुळे लागली, इंटर्नशिप संपून दीड वर्ष झालं होतं.

मेलचा मसुदा आज रात्री लिही, हवं तर इथे टाक, ऑफिसचं नाव काढून. मी उद्या सकाळी बघते आणि लगेच सांगते, म्हणजे सोमवारी पाठवता येईल.