आण्णा गेले, पण मला रडूच आलं नाही मॅडम

मी समुपदेशक, त्यामुळं हा प्रश्न मला सारखा येतो. कधी मेसेजवर, कधी सेशन संपल्यावर दाराशी चपला घालता घालता. आई नाहीतर वडील जाऊन वर्ष होत आलं आणि मला रडूच आलं नाही, मी दगड आहे का, माझं प्रेमच नव्हतं का. दरवेळी मला एकच माणूस आठवतो. त्याला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

वय 38, दोन लेकरांचा बाप, पुण्यात आयटीत. गाव मंगळवेढ्याच्या काळ्या रानातलं. वडील, म्हणजे आण्णा, भाद्रपदात गेले, पेरणीच्या तोंडावर, झोपेतच. वय 66. हा रात्रीत गाडी काढून गेला, अग्नी दिला, दहावं तेरावं, सातबाऱ्याची वारसनोंद, आईचं बँकेचं काम सगळं शिस्तीत केलं आणि पंधराव्या दिवशी लॉगिन. पावण्यांत कुजबुज झाली की पोरगं लई घट्ट काळजाचं निघालं, आणि ते नेमकं ह्याच्या कानावर गेलं.

आता वर्षश्राद्ध जवळ आलेलं. चुलतभाऊ म्हणाला तू शिकलेला, आण्णांबद्दल चार शब्द तूच बोल. हा लॅपटॉप उघडून बसला, एक ओळ सुचेना. मला म्हणाला, "काय लिहू मॅडम, त्यांच्या आयुष्यात काही घडलंच नाही. शेती केली, आम्हाला वाढवलं, संपलं. कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ लिहिलं तर ते चौकातल्या कुठल्याही फ्लेक्सवर चालतंय."

पहिल्या दोन सेशनला मी चुकले. मला वाटलं बापलेकात काहीतरी अडलेलं असणार, म्हणून तेच उकरत बसले. मारायचे का, शेती सोडून आलास म्हणून नाराज होते का. तो म्हणाला नाही हो, तसलं काय नव्हतं. आणि खरंच नव्हतं. आम्ही समुपदेशक लोक कधीकधी नसलेली गाठ सोडवायला बसतो.

तिसऱ्या वेळी मी स्वभावाचं विचारणंच बंद केलं. म्हटलं, तू दहा वर्षांचा आहेस, जानेवारी महिना आहे, आण्णा सकाळी उठलेत, पुढं सांग.

पाऊण तास बोलला. बोलता बोलता पुण्याची भाषा गळून पडली, ज्वारीचा जोंधळा झाला. तिकडं जोंधळा म्हणजे मालदांडी, 2016 ला मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं मानांकन मिळालं तेव्हा पेपरात आलेलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचा, पुढं पावसाची आशा फार नाही, काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवरच सगळं. कणसात दाणा भरला की पाखरं येतात म्हणून आण्णा दिवस उजाडायच्या आत रानातल्या माळ्यावर, हातात गोफण. ह्याला शाळेआधी भाकरी पोचवायचं काम. आण्णा गोफण फिरवायचे पण दगड पाखराला लागेल असा मारायचे नाहीत, नुसता आवाज. भाऊ लवकर वारला तर त्याची दोन्ही पोरं आण्णांनीच वाढवली, चुलत हा शब्द घरात कुणी उच्चारायचा नाही. 72 च्या दुष्काळात 15 वर्षांचे असताना खडी फोडायला गेलेले, मिलो, म्हणजे रेशनवरची लाल ज्वारी, खाल्लेला, त्यामुळं ताटात भाकरीचा तुकडा राहिला की काही बोलायचे नाहीत, उचलून स्वतः खायचे. आणि मालदांडीच्या रानात बांधाकडंला चार ओळी गुळभेंडी जोंधळ्याच्या, फक्त हुरड्यासाठी, पोरांसाठी. विकायला नाहीच. पोरं शहरात गेली तरी त्या चार ओळी दरवर्षी होत्याच.

"शेवटच्या वर्षी पण पेरलेल्या. माझं ऑफिसात प्रोजेक्टचं रिलीज होतं, मी गेलो नाही."

इथं तो थांबला. मी पण काही बोलले नाही. मग उगाच विषय बदलल्यासारखं म्हणाला, मॅडम एक विचारू, जोंधळ्याला टोके लागले तर काय करायचं?

तर झालं असं होतं की आण्णा दरवर्षी काढणीनंतर एक पोतं पुण्याला पाठवायचे. एसटीच्या टपावर, आधी स्वतः बसून खडे निवडून. मग फोन. "पोचलं का?" "पोचलं." बास, एवढाच फोन, हॉस्टेलपासून वीस वर्षं. शेवटचं पोतं अर्धं संपलेलं असताना आण्णा गेले आणि उरलेलं ह्यानं डब्यात भरून माळ्यावर टाकलं. दळू देईना, कुणाला देऊ देईना. किडे सगळ्या किचनमध्ये फिरायला लागले, बायको वैतागली, भांडणं झाली. आणि हा माणूस मला सांगतोय की मला काही वाटलंच नाही.

तर ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांना मी एवढंच सांगते की दुःख डोळ्यांतूनच बाहेर येईल असं नसतं. दुःखाचे ते पाच टप्पे, नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार, सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर वाचलेले असतात, पण एलिझाबेथ कुब्लर-रॉस ह्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 1969 मध्ये ते मांडले ते मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागं राहिलेल्यांचं वेळापत्रक म्हणून नाही. मागं राहिलेला माणूस आत-बाहेर करत असतो, दोन दिवस आठवणीत, चार दिवस कामात, आणि कामात असणं म्हणजे पळ काढणं नव्हे. हां, पण वर्ष उलटून गेलं तरी रोजचं जगणंच अडकून पडलंय, झोप नाही, जेवण नाही, कामावर जाववत नाही, किंवा कधीही, वर्षाची वाट न बघता, आपणही त्यांच्याकडं जावं असं मनात येतंय, तर मात्र थांबू नका, जाणत्या माणसाला भेटा, नाहीतर 14416 ला फोन लावा, टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

ह्याच्यात तसलं काही नव्हतं. ह्याला फक्त कुणीतरी जानेवारीचं विचारायला हवं होतं.

तो डबा त्यानं गावी नेला. मनात होतं की आण्णांचा जोंधळा आण्णांच्याच रानात पेरायचा. चुलतभावानं मूठभर हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, येडा का काय, पोखरलाय हा, उगवायचा नाही, कोंबड्यांना टाक. बियाणं आण्णांनी कवाच वेगळं काढून राख लावून ठिवलंय. आणि कोंबड्यांनी खाल्ला. हे मला फोनवर सांगताना तो हसत होता.

वर्षश्राद्धाला तो लिहून काही घेऊन गेलाच नाही. उभा राहून गोफणीचं सांगितलं, चार ओळींचं सांगितलं, मधेच गावातला एक म्हातारा उठून म्हणाला आरं गुळभेंडी माझ्याकडनंच न्यायचा तो, पैसं नाही दिलं कधी, आणि मंडप हसला.

रडला का, ते मी विचारलं नाही.

फेब्रुवारीत नवीन माल निघाल्यावर दोन किलोची पिशवी घेऊन आला. आम्ही क्लायंटकडून काही घेत नाही, नियम आहे. घेतली. भाकरी मला थापता येत नाही, आमच्याकडं नवरा थापतो.